काकूंचा आवाज घरी येत नाही

नागपूरच्या त्रिमूर्ती नगर भागातून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात देते.

ताईंचं वय ४८, खासगी शाळेत शिक्षिका. घरात नवरा, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. तीन वर्षं त्या घराजवळच्या समाजभवनात पहाटे साडेपाचच्या योगवर्गाला जात होत्या. वर्ग विनामूल्य. घेणाऱ्या बाई सत्तरीच्या, सगळे त्यांना काकू म्हणतात. जूनअखेर शाळा उघडली आणि ताईंना सकाळपाळी लागली. सातला शाळेत हजर व्हायचं, त्यामुळे रविवार सोडला तर वर्ग बंद. शाळेतल्या आणखी दोघींचंही तसंच झालं. घरी करायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात चार दिवस झालं, दुसऱ्यात दोन, आता मॅटवर इस्त्रीचे कपडे असतात. "रोज ठरवून राहिली, पण होऊन नाही राहिलं," असं त्या लिहितात. नवरा म्हणतो, यूट्यूब लाव. वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात, वर्ग सुटला की योग सुटला समज. ताई विचारतात: माझ्यात शिस्तच नाही का? तीन वर्षं केलं ते नुसतं सोबतीच्या जोरावर, म्हणजे ते खरं नव्हतंच का? आणि आता ऑनलाइन वर्ग लावू, संध्याकाळचा दुसरा वर्ग शोधू, की नादच सोडू?

अगदी शेवटी, सही करायच्या आधी, दोन ओळी आहेत. जिना उतरताना डावा गुडघा दुखतो, आणि सहा महिन्यांपासून बीपीची गोळी सुरू आहे. काकूंना हे सांगितलेलं नाही. "त्या बिचाऱ्या फुकट शिकवतात, त्यांना कशाला आपलं गाऱ्हाणं."

ताई,

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही सहीच्या वर कोंबलंय, म्हणून मी खालून सुरू करते. शिस्तीचं नंतर पाहू.

पतंजलींनी योगाच्या वाटेतले नऊ अडथळे सांगितलेत. तुम्ही ज्याचा ठपका स्वतःवर ठेवलाय तो आळस त्या यादीत पाचवा येतो. पहिला आहे व्याधी. आळशीपणावरून तुम्ही चार पानं स्वतःला बोल लावलेत, आणि गुडघा नि बीपी यांना मिळून दोन ओळी. मला तर वाटतं, घरी मॅट पसरताना अंग मागे ओढतं त्यात या दोन ओळींचाही वाटा आहे. वर्गात चाळीस जणी बसल्या की आपणही दुखतं तसंच रेटून बसतो. घरी कुणी नसतं तेव्हा गुडघा बोलायला लागतो. त्याला काय उत्तर द्यायचं ते आपल्याला ठाऊक नसतं. मग मॅट गुंडाळायची आणि त्याला आळस म्हणायचं, हे सोपं पडतं.

"फुकट शिकवतात" हा संकोच नागपुरात मी पुष्कळदा पाहिलाय. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळामुळे विनामूल्य योगवर्ग ही आपल्याकडे नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुणाची मावशी, कुणाचे काका तिथे शिकलेले निघतातच. पण पैसे दिले नाहीत की आपण स्वतःला पाहुणे समजू लागतो, आणि पाहुण्यानं कुरकुर करायची नसते. जरा काकूंच्या बाजूनं बघा ना. जानेवारीच्या थंडीत, सात वाजत आले तरी नीट उजाडत नाही अशा दिवसांत, सत्तरीची बाई पाचला घराबाहेर पडते ती काही हजेरी घ्यायला नाही. कुणी चक्कर येऊन पडलं आणि मागाहून कळलं की सहा महिने गोळी सुरू होती, तर तो त्रास त्यांना फार मोठा होईल. त्यापुढे तुमचं गाऱ्हाणं काहीच नाही.

बीपी असलं की अभ्यास थोडा वेगळा बेतावा लागतो, म्हणून हे सांगणं गरजेचं. डोकं खाली आणि पाय वर अशी आसनं, श्वास कोंडून धरणं, जोरजोरात कपालभाती-भस्त्रिका, यातून बीपीवाल्यांना जाणते शिक्षक सूट तरी देतात, नाहीतर सौम्य पर्याय देतात. काही गोळ्यांनी झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. शवासनातून कुशीवर वळून, थोडं बसून मगच उठायचं, हे तुम्ही तीन वर्षं ऐकलं असेल. आता ते तुमच्यासाठी खास आहे. डॉक्टरांनाही एकदा विचारा, पण "योग करू का?" असं विचारू नका. त्यावर सगळे डॉक्टर "हो हो, करा" म्हणतात. "खाली वाकून डोकं टेकवलं तर चालेल का, श्वास रोखला तर चालेल का," असं नेमकं विचारा. जिना उतरताना दुखणारा गुडघाही त्यांना एकदा दाखवून घ्या.

काकू गुडघ्यासाठी वज्रासनात मांडी आणि पोटरीच्या मध्ये चादरीची घडी ठेवायला सांगतील, किंवा वज्रासनच सोडून खुर्ची देतील. खुर्ची घेतली म्हणजे आपण म्हाताऱ्यांच्या रांगेत गेलो, असं वाटून घेऊ नका. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, लोड हे सगळं आसनात आणलं आणि जगभरचे धडधाकट लोक आज त्यावर शिकतात.

आता शिस्त.

वर्गात योग कानानं होतो. काकू म्हणतात, "श्वास घेत हात वर," आणि हात वर जातात. "सावकाश सोडा" म्हणाल्या की सुटतात. किती वेळ थांबायचं, आधी उजवा पाय की डावा, यानंतर काय, यातलं काहीच तुम्हाला ठरवावं लागत नाही. जी बाई दिवसभर ठरवतच असते (डब्याला काय, सासूबाईंना काय, मुलाच्या क्लासची फी कधी) तिच्यासाठी तो एक तास म्हणजे माहेर. म्हणूनच तो आवडतो. घरी मॅटवर उभं राहिलं की पहिलाच प्रश्न येतो: काय करू? सूर्यनमस्कार घालू की थेट प्राणायामाला बसू? त्या प्रश्नातच पाच मिनिटं जातात, तेवढ्यात कुकरची शिटी होते. तुम्ही याला शिस्त नसणं म्हणता. मला दिसतं ते एवढंच, की ठरवायची सवय नाही. ती लागायला तुम्हाला आजवर कधी संधीच मिळालेली नाही.

माझं सांगते. वर्ग सुटल्यावर घरी पहिल्यांदा एकटीनं करायला बसले तेव्हा शवासनात मान वळली आणि दिवाणाखालचं जग दिसलं. खराट्याच्या दोन काड्या, लोणच्याच्या बरणीचं हरवलेलं झाकण, आणि एक बॉल, ज्यावरून दोन भावंडांत वर्षापूर्वी मारामारी झाली होती. मी उठले आणि झाडायला घेतलं. पुढचा पाऊण तास दिवाणखान्याची साफसफाई झाली आणि त्या दिवसाचा योग तिथेच आटोपला. दुसऱ्या दिवशी काकूंसारखं कुणीतरी "डोळे मिटा" म्हणायला हवं होतं, इतकीच माझी मागणी होती. म्हणजे आवाज हवा होता.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की तीन वर्षं खरीच होती. पांगुळगाडा धरून चालणारं मूल खोटं चालत नसतं. फक्त गाडा काढला की दोन-चारदा बसकण मारतं, आणि तुमचं सध्या तेच चाललंय. एक करून बघा. आज रात्री डोळे मिटून काकूंचा वर्ग पहिल्या प्रार्थनेपासून मनातल्या मनात चालवा. माझा अंदाज, पहिली सहा-सात आसनं सुरळीत येतील, मग मधे गाळा पडेल, शेवटचं शवासन पुन्हा आठवेल. जेवढं आपोआप आलं तेवढं तुमच्या अंगात मुरलंय. घरचा अभ्यास तेवढ्यातूनच निघणार.

आणि तो वर्गाची नक्कल नसावा. तुम्ही घरी अख्खा तास करायला निघालात, इथे पहिली चूक झाली. वर्गाचा तास हा चाळीस जणींसाठी बेतलेला असतो. त्यात कुणाची कंबर, कुणाचं थायरॉइड, कुणाला नुसतं घराबाहेर पडायचं असतं, सगळ्यांना थोडं थोडं. तुमच्या एकटीच्या अंगाला त्यातलं किती लागतं?

येत्या रविवारी वर्गानंतर थांबा. काकूंना म्हणा, "काकू, सकाळपाळीमुळे येणं होत नाही. मला घरी करायला पंधरा मिनिटांचं लिहून द्या." शब्द हेच वापरा, विशेषतः 'पंधरा मिनिटांचं' आणि 'लिहून'. नुसतं "घरी काय करू" विचारलंत तर "जे शिकवलं तेच करा" असं उत्तर येईल, आणि तुम्ही परत कुकरच्या शिटीपाशी. बहुतेक शिक्षकांना असं विचारणारा विद्यार्थी आवडतो, कारण विचारणारे फार थोडे असतात. काकूंना वेळ नसला तर तुम्हीच चार-पाच आसनं लिहून न्या आणि त्यांच्याकडून खोडून घ्या. खोडायला सगळ्यांना जमतं.

त्या काय देतील ते त्यांचं त्या बघतील. पण आकार साधारण कसा असतो ते सांगते, म्हणजे इतर वाचकांनाही अंदाज येईल. उभ्यानं एक-दोन, जसं ताडासन आणि कमरेतून वळणारं कटिचक्रासन. पालथं झोपून एखादं, जसं भुजंगासन. पाठीवर एखादं. मग अनुलोम-विलोम, श्वास न रोखता. मग शवासन, आणि ते काटायचं नाही. हे औषधाच्या चिठ्ठीसारखं घेऊ नका. हर्निया, काचबिंदू, सरकलेली मणक्याची चकती, नुकतंच झालेलं ऑपरेशन असं काही असेल तर यातलं एकही आपल्या मनानं घ्यायचं नाही, आधी डॉक्टर आणि शिक्षक.

कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि सहा आठवडे तो बदलू नका. कंटाळा येईल, येऊ द्या. रोज तेच केल्यावरच कळतं की आज उजवा खांदा कालपेक्षा जड आहे, आज श्वास आखूड आहे. रोज नवं काहीतरी केलं तर फरक कशाशी ताडून बघणार? वहीत एक ओळ लिहा, एकच. "गुडघा ठीक, झोप कमी." रविवारी काकूंकडे जाताना त्या सहा ओळी वाचून एक प्रश्न काढा. शिक्षकाचं मार्गदर्शन म्हणतात ते खरं इथून सुरू होतं. आजवर काकू चाळीस जणींना सांगत होत्या, आता त्या तुम्हाला एकटीला सांगतील.

वेळेचंही तुम्ही गृहीत धरलंय की योग पहाटेच व्हायला हवा. साडेचारला उठून डबे करणाऱ्या बाईनं त्याआधी योग करावा हे लिहायला सोपं आहे, मी लिहिणार नाही. तुम्ही एकच्या सुमारास घरी येत असाल, जेवत असाल. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यायचे म्हणतात, म्हणजे साडेचार-पाचला पोट हलकं असतं. चारचा चहा घरात ठरलेला असेल तर तो सव्वापाचला जाऊ द्या. पहिले चार दिवस कुरकुर होईल. सासूबाई म्हणाल्याच "हे काय आता अवेळी," तर त्यांनाही शेजारी खुर्चीत बसवून खांदे फिरवायला लावा.

मे महिन्यात पाचला नागपुरात काय अवस्था असते ते मी सांगायला नको, कूलरसमोर बसूनही घाम पुसावा लागतो. पण मेमध्ये तुमची शाळा बंद. आणि विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे जूनचे तीन आठवडेही हाताशी. तेव्हा पहाटेचा वर्ग पुन्हा धरा. वर्षभर एकच वेळ पाळली पाहिजे असा काही दंडक नाही. बुटीबोरीच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणारे, मेयो-मेडिकल या रुग्णालयांत ड्युटी लागणारे वाचक मला हेच विचारतात. त्यांनाही हेच सांगते: वेळ घड्याळाला बांधू नका, एखाद्या कामाला बांधा. 'पाळीहून आल्यावर, अंघोळीच्या आधी,' हे 'सहा वाजता' पेक्षा जास्त टिकतं.

ऑनलाइन वर्गाबद्दल थोडक्यात. यूट्यूबवरच्या बाईला तुमचा गुडघा दिसत नाही. थेट चालणाऱ्या वर्गात शिक्षक पाहू शकतात, पण पडद्यावरच्या वीस चौकटींतली तुम्ही एक. ज्यांच्या जवळ वर्गच नाही त्यांनी जरूर लावावा. तुमच्याकडे काकू आहेत. संध्याकाळचा दुसरा वर्ग लावायला माझी हरकत नाही, पण त्यानं प्रश्न सुटणार नाही, पुढे ढकलला जाईल. पुढच्या वर्षी दुपारपाळी लागली की पुन्हा मला पत्र.

आता सोबत. हे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण "सोबतीच्या जोरावर" हे तुम्ही फार लाजत लिहिलंय.

हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात योग बुडवणाऱ्या सहा गोष्टी दिल्यात. त्यांत जनसंग म्हणजे लोकांत मिसळणं आहे, आणि एकट्यानं साधना करण्याचा अभिमान असलेले लोक तो शब्द उगाळत बसतात. त्याच ओळीत प्रजल्प म्हणजे बडबड आहे, अत्याहार म्हणजे अति खाणं आहे, आणि नियमाग्रहही आहे. नियमांचा अट्टाहास! त्या ग्रंथावर भाष्य लिहिणारे ब्रह्मानंद त्याचं उदाहरण देतात ते सकाळी गार पाण्यानं अंघोळ करण्याचं. डिसेंबरात नागपुरात गार पाण्यानं अंघोळ करून सर्दी घेणाऱ्या साधकांनी हे जरूर वाचावं. आणि ते पुस्तक मठीत राहणाऱ्या हठयोग्यांसाठी आहे. तुमच्या घरात चार माणसं, शाळेत चारशे पोरं. तुम्ही जनसंग सोडणार तो कुठे?

सोबत आणि गर्दी मात्र वेगळ्या. मैत्रिणींचं "वर्ग सुटला की योग सुटला समज" हे गर्दीचं बोलणं आहे, मनावर घेऊ नका. त्यांना तुमची आठवण येते, ती त्या अशी सांगतात. शाळेतल्या त्या दोघी, ज्यांचा वर्ग तुमच्यासारखाच सुटला, त्या तुमची सोबत. तिघींचा व्हॉट्सअॅप ग्रुप करा, पण नियम आधी ठरवा: करून झालं की "झालं" एवढाच एक शब्द. आसनाचे फोटो नाहीत, सुविचार नाहीत, सुप्रभातचे गुलाब नाहीत. कुणाचं "झालं" आलं नाही तर विचारायचं नाही. तीन दिवस आलं नाही तर फोन करायचा, आणि योगाबद्दल बोलायचं नाही, "बरी आहेस ना" विचारायचं. किती दिवस सलग झाले ते मोजणारं अॅप मी एकदा वापरून पाहिलं. एक्केचाळिसाव्या दिवशी ताप आला, आकडा शून्यावर गेला आणि त्यानंतर महिनाभर मी मॅटकडे पाहिलं नाही. ताप दोन दिवसांत उतरला होता.

महिन्यातून एकदा रविवारी वर्गानंतर तिघी कुणाच्या तरी घरी बसा आणि एकत्र करा, मात्र कुणीही बोलून घ्यायचं नाही. प्रत्येकीनं आपापला कागद करायचा, एकाच खोलीत. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, हसू येतं. पण शेजारी कुणीतरी श्वास घेतंय एवढं पुरतं, आणि ठरवायचं ते ज्याचं त्यानं. नंतर तर्री पोहे खाल्ले तरी मी कुणाला सांगणार नाही.

खंड पडेल. गणपतीत पडेल, मुलाच्या बारावीच्या परीक्षेत पडेल. पतंजलींनी अभ्यास पक्का व्हायला तीन अटी घातल्यात: दीर्घ काळ, निरंतर, आणि सत्कारानं. सत्कार म्हटलं की आपल्याला शाल-श्रीफळ आठवतं, इथे अर्थ आहे आदरानं, मन लावून. रोज किती मिनिटं ते त्यांनी कुठेच सांगितलेलं नाही. म्हणून ज्या दिवशी काहीच जमणार नाही त्या दिवशी नुसतं मॅट पसरा, पाठीवर पडा, वीस श्वास मोजा आणि उठा. "झालं" लिहा. ते खोटं नाही. इस्त्रीचे कपडे मात्र आजच दुसरीकडे हलवा. मॅट दिवसभर पसरलेली राहिली की ती कपड्यांची मांडणीच होते, म्हणून झालं की ती गुंडाळून कोपऱ्यात उभी करा, नाहीतर सरळ सतरंजी वापरा.

सहा आठवड्यांनी कागद बदलायचा की नाही हे काकूंना विचारण्याआधी स्वतःला विचारा आणि तुमचं उत्तर घेऊन त्यांच्याकडे जा. चुकलं तर त्या सांगतील.

आणि या रविवारी समाजभवनात जाताना बीपीच्या गोळीचं पाकीट पर्समध्ये टाका. गोळीचं नाव ऐनवेळी कुणालाच आठवत नाही.